शर्टाची बटणं तो लावतो का? दिव्यांग माणसाची बाजू सरकारी टेबलावर मांडताना

२०२४ च्या पावसाळ्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून गदारोळ उठला आणि ‘बोगस दिव्यांग’ हा शब्द तेव्हापासून बातम्यांत ठाण मांडून बसलाय. नोकरीतल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं पुन्हा तपासायचे आदेश निघाले. तपासणी व्हावी, त्याबद्दल दुमत नाही. खोट्या दाखल्यावर जागा अडवणारा माणूस खऱ्या दिव्यांगाच्याच ताटातलं खातो. पण या सगळ्यात धास्तावली ती भलतीच मंडळी. ‘आमच्या मुलीचं हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र आहे, ते रद्द होईल का?’ ‘बाबांना परत डॉक्टरांच्या बोर्डासमोर न्यायचं का?’ असे फोन मला येऊ लागले.

मला का, तर माझा थोरला भाऊ. दादाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूला सुरुवातीलाच झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही, असा तो प्रकार. सोबत बौद्धिक दिव्यांगत्वही आहे. आईचे गुडघे बोलायला लागले तेव्हा त्याची नाडी बांधलेली फाइल माझ्याकडे आली. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. कित्येक वर्षं खेटे घातलेत, एवढीच पात्रता. त्या खेट्यांतून जे कळलं ते इथे सांगते.

दाखला, कार्ड आणि योजना यांत गल्लत होते

रेशनकार्ड हातात आलं म्हणून धान्य आपोआप घरी येत नाही. कार्ड वेगळं, दुकान वेगळं, आणि या महिन्याचा कोटा आला का हा प्रश्न आणखी वेगळा. दिव्यांगांच्या बाबतीतही तसंच आहे.

पहिली पायरी दिव्यांग प्रमाणपत्राची. या माणसाला कोणत्या प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि किती टक्के, हे सरकारने नेमलेले डॉक्टर त्यात लिहून देतात. दुसरी पायरी यूडीआयडी कार्ड. प्रमाणपत्रातली तीच माहिती देशभर चालणाऱ्या ओळखपत्रावर येते, त्यावर अठरा अंक-अक्षरांचा क्रमांक असतो. तिसरी पायरी योजनांची, आणि इथे प्रत्येक योजनेचं कार्यालय वेगळं, अट वेगळी, अर्ज वेगळा. बहुतेक घरं दुसऱ्या पायरीवर येऊन थांबतात. कार्ड लॅमिनेट करून कपाटात ठेवतात आणि ‘सरकारने काही दिलं नाही’ म्हणतात.

अर्ज आता ‘स्वावलंबन’ या केंद्राच्या संकेतस्थळावरूनच करायचा. रुग्णालय निवडायचं, तारीख घ्यायची, तपासणीला जायचं. २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ७९ पर्यंत पिवळं आणि ८० पासून पुढे निळं कार्ड मिळतं. प्रमाणपत्र देण्याची मुदत मात्र पूर्वी महिन्याची होती, ती तीन महिने झाली. जुनं, हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असेल तर त्याच संकेतस्थळावरून अर्ज करून नवं करून घ्या. ते खोटं ठरलं म्हणून नव्हे. संगणकावर ज्याची नोंद नाही त्याला आता कुठलंच टेबल ओळखत नाही म्हणून.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. त्याच्या जागी आलेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि ही यादी एकवीसवर गेली. स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन्स, अध्ययन अक्षमता हे सगळं त्यात आलं. जुन्या काळात ‘तुमचं यादीत बसत नाही’ म्हणून परत पाठवलेली घरं अजून तोच नकार मनात धरून बसली आहेत. त्यांनी एकदा नव्याने विचारावं.

४० टक्के म्हणजे कशाचे?

हा आकडा माणसाचा नव्हे. ‘४० टक्के दिव्यांग म्हणजे ६० टक्के चांगला’ असं गणित शेजारी मांडतात, ते सोडून द्या. शरीराच्या किंवा मनाच्या एखाद्या कामात कायमची उणीव किती, याचं ठरावीक पद्धतीने केलेलं ते मोजमाप आहे. ४० टक्के आणि त्यावर असेल तर कायदा त्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतो. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा, सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षण, हे सगळं त्या रेषेच्या वर आहे.

दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, आणि इथे घरोघरी डोकी तापतात. समजा पायाचं ६० आणि कानाचं ३०. आपण म्हणतो ९०. बोर्ड लिहितं ७०. डॉक्टरने टक्के खाल्ले असं वाटतं. सेलमध्ये आधी वीस टक्के सूट आणि त्यावर आणखी दहा टक्के असली तर दुसरी सूट उरलेल्या किमतीवरच मिळते ना? हेही तसंच. मोठा आकडा तसाच धरायचा, ९० मधून तो वजा करून जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. ६० ला ९० मधून वजा केलं की ३० उरले, ३० गुणिले ३० भागिले ९० म्हणजे १०, एकूण ७०. भांडायला जाण्यापूर्वी एवढी आकडेमोड घरी करून बघा.

आणि ३५ टक्के आले तर? आरक्षण नाही, बहुतेक योजना नाहीत, हे खरं. पण सगळंच संपलं असंही नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा परीक्षेत लेखनिक हवा होता. त्याचं दिव्यांगत्व ४० च्या खाली भरत होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिकासारखी वाजवी सोय मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. आरक्षण हा एक हक्क, सोय हा दुसरा. शाळेत किंवा परीक्षेला अर्ज करताना हा फरक लक्षात असू द्या.

‘हो, करतो की तो!’

दादाच्या तपासणीचा दिवस मला अजून आठवतो. मानसतज्ज्ञ बाई समोर बसल्या होत्या. हातात प्रश्नावली. बौद्धिक दिव्यांगत्व मोजताना बुद्ध्यांकाची चाचणी घेतात, आणि रोजच्या जगण्यात माणूस स्वतःचं काय काय करू शकतो हेही विचारतात. दुसऱ्या भागाची उत्तरं बहुतांशी घरच्यांनी द्यायची असतात.

‘शर्टाची बटणं स्वतः लावतो का?’

‘हो, लावतो की!’ आई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. असणारच. तो बटण लावायला शिकला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि त्या दिवशी घरात शिरा झाला होता.

बाईंनी खूण केली. पुढचा प्रश्न. जेवतो का स्वतः? जेवतो. आंघोळ? करतो. रस्ता ओलांडतो? समोरच्या दुकानात जातो की. दहा मिनिटांत दादा कागदावर जवळजवळ स्वावलंबी झाला.

खरं काय होतं? वरचं बटण आई लावून द्यायची, मग खालची तीन तो लावायचा, वीस मिनिटांत, आणि त्यातलं एक चुकीच्या काजात. जेवायचा, पण पोळीचे तुकडे करून दिले तर. आंघोळ करायचा, पण पाणी आईनेच विसणलेलं, आणि ‘आता साबण’, ‘आता डोकं’ असं दाराबाहेरून कुणीतरी सांगत राहायला हवं. समोरच्या दुकानात जायचा, कारण दुकानदार त्याला ओळखायचा आणि आई गॅलरीत उभी असायची.

आई खोटं बोलली नव्हती. तिने घरची भाषा वापरली. घरी आपण काय जमतं ते मोजतो, नाहीतर दिवस ढकलता येत नाही. फाइलला मात्र काय जमत नाही आणि त्यासाठी कुणाचे किती हात लागतात, एवढंच कळतं. या दोन भाषांमधलं दुभाषाचं काम म्हणजेच आपल्या माणसाची बाजू मांडणं, असं माझं मत आहे. कायदा पाठ असणं त्याच्या नंतर येतं.

यावर उपाय सोपा आहे. तपासणीच्या आधी एक आठवडा वही ठेवा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक लिहा: एकट्याने केलं, सांगत राहिल्यावर केलं, दुसऱ्याने केलं. किती वेळ लागला तेही लिहा. रात्री किती वेळा उठावं लागलं, फीट कधी आली, भर रस्त्यात कधी बसून राहिला, सगळं तारखेसह. मग ‘बटणं लावतो का’ याचं उत्तर ‘वरचं लावून दिलं तर बाकीची वीस मिनिटांत लावतो’ असं येतं.

ही लबाडी नाही का, असं कुणी विचारतं. आपल्या माणसाला मुद्दाम कमी दाखवायचं? मुळीच नाही. जे घडतं तेवढंच पूर्ण सांगायचं. वाढवून सांगण्याच्या भानगडीत तर पडूच नका. खोटेपणाने लाभ घेतला तर २०१६ च्याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि हो, हे सगळं त्या माणसाच्या देखत बोलावं लागतं. दादा त्या दिवशी खुर्चीत बसून ऐकत होता. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी वही बाईंच्या हातात दिली आणि म्हटलं, ‘आधी हे वाचा, मग काय ते त्यालाच विचारा.’

कार्ड आलं, आता दारं कोणती?

महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग २०२२ च्या अखेरीस झाला. म्हणून सगळं एका खिडकीत आलं असं समजू नका. मासिक अर्थसहाय्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना तहसील कार्यालयात. उत्पन्नाची अट आहे, आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दिव्यांगांसाठी ही रक्कम महिना १५०० रुपये होती, ऑक्टोबर २०२५ पासून ती २५०० झाली. गावात राहत असाल तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदा यांनाही तेच लागू. ग्रामसभेत उभं राहून ‘मागच्या वर्षी किती ठेवला आणि कशावर खर्चला’ एवढंच विचारलं तरी सभेत एकदम शांतता पसरते, हा माझा अनुभव.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची. आधी वैद्यकीय चाचणी लागत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. घरात कुणी आयकर भरत असेल आणि जुनी करप्रणाली निवडली असेल, तर अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडी). ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,०००. खर्चाचा हिशेब जुळवत बसायची गरज नाही, रक्कम ठरलेली आहे.

पैसे मंजूर झाले पण खात्यात नाहीत, ही सर्रास तक्रार. आमचेही सात महिने आले नव्हते. मी तहसीलला चार हेलपाटे घातले, थोडी भांडलेही. शेवटी निघालं असं की पैसे जात होते, पण भलत्या खात्यात. थेट लाभाचे पैसे आधार क्रमांक शेवटी ज्या बँकेला जोडला त्या बँकेत जातात, अर्जावर कोणताही खाते क्रमांक असो. दादाचं एक शून्य शिलकीचं खातं कुठल्याशा शिबिरात उघडलं होतं, ते आम्ही सगळेच विसरलो होतो. सात हप्ते तिथे निवांत पडून होते. तेव्हा भांडायला निघण्यापूर्वी आधार कुठे जोडलंय ते बघा.

अंगठा यंत्रावर उमटत नाही, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हटलं तर मिचकवता येत नाहीत, असंही होतं. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला ओळख पटवण्याच्या अशा डिजिटल पद्धती दिव्यांगांना वापरता येतील अशा करा, असा आदेश दिलाय. निकालाची प्रत हातात असली तर बँकेतलं बोलणं जरा लवकर आटपतं.

पोच घेतली का?

सरकारी कार्यालयात तोंडी बोललेलं घडलेलंच नसतं. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ हे वाक्य सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही, कारण साहेब बदललेले असतात. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, त्याची पावती हीच पोच. मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही हातात सोडायचं नाही. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, परत पिशवीत घाला.

आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी एक तक्ता चिकटवलाय: तारीख, कुठे गेलो, कुणाशी बोललो (नाव नाही कळलं तर पद), काय म्हणाले, पुढची तारीख. कंटाळवाणं आहे. पण मी आजारी पडले तेव्हा माझ्या नवऱ्याने तेवढ्या एका पानावर काम पुढे नेलं.

‘नाही’ म्हणाले तर?

पहिली गोष्ट, तो नकार लेखी मागा. ‘होणार नाही’ हे काउंटरवरचं वाक्य म्हणजे निर्णय नव्हे. लेखी मागितलं की निम्मे नकार तिथेच विरघळतात. प्रमाणपत्र नाकारलं किंवा टक्के कमी वाटले तर कायद्यात अपिलाची सोय आहे.

सेवा किंवा योजनेबद्दल तक्रार असेल तर प्रत्येक सरकारी आस्थापनेत दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी असायला हवा, असं २०१६ चा कायदा सांगतो. तक्रार नोंदवहीत चढली की दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. पुष्कळ कार्यालयांत हा अधिकारी कोण हे तिथल्या शिपायापासून साहेबांपर्यंत कुणालाच माहीत नसतं. मग अर्जाचा पहिला प्रश्न तोच करा.

त्याच्या वर दिव्यांग आयुक्त, महाराष्ट्राचे पुण्यात. त्यांना चौकशीसाठी माणसं बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. शेवटी ते देतात ती शिफारस असते, हुकूमनामा नव्हे, हे आधीच लक्षात घ्या. पण शिफारस मिळालेल्या कार्यालयाला त्यावर कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवावं लागतं, आणि मानायची नसेल तर कारण द्यावं लागतं. कोर्टात जायची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

माहितीचा अधिकार हे सगळ्यात स्वस्त हत्यार, दहा रुपयांचं. पण लोक त्यात ‘माझं काम का केलं नाही?’ असं लिहितात आणि ‘ही माहिती या व्याख्येत येत नाही’ असं उत्तर घेऊन बसतात. ‘का’ विचारू नका. ‘अमुक तारखेचा, अमुक आवक क्रमांकाचा माझा अर्ज कोणकोणत्या टेबलावर किती दिवस होता, त्यावरील शेरे आणि टिपणी यांच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवायचा असतो. तीस दिवसांची मुदत आहे. आमच्या बाबतीत उत्तर यायच्या आधी काम झालं होतं. असं बऱ्याच जणांचं होतं म्हणतात.

अठरावा वाढदिवस

इथे मात्र थांबून वाचा, कारण नुकसान इथेच सर्वाधिक होतं. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत. मुलाला बोलता येत नसेल, पैसे ओळखता येत नसतील, तरीही. बँक सही मागते, आई म्हणते ‘मी आई आहे ना’, आणि बँकेतला माणूस नियमावर बोट ठेवतो. तो चुकत नाही.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, असे तिघे. आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करतात, समिती कायदेशीर पालक नेमते. पालकत्वाचं हे प्रमाणपत्र बँकेत चालतं, रिझर्व्ह बँकेने तशा सूचना दिल्या आहेत. कोर्टात जावं लागत नाही.

बाकीच्यांसाठी २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. एखाद्या ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून निर्णय घ्यायचा. यात कारभार दोघांचा असतो, संपूर्ण ताबा नसतो.

आणि ज्यांना पालकाची गरजच नाही त्यांच्यावर तो लादू नका. दिसत नाही, चालता येत नाही, ऐकू येत नाही म्हणून कुणाचा निर्णयाचा अधिकार जात नाही. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने केव्हाच स्पष्ट केलंय. तरी ‘सोबत कुणाला तरी घेऊन या’ असं काउंटरवरून सांगतातच.

‘ओळख असल्याशिवाय काही होत नाही हो!’

ओळखीने लवकर होतं, हे मी नाकारणार नाही. पण ओळख बदलीवर जाते. कागद जात नाही. एजंटांबद्दल मी जास्त कडक आहे. फॉर्म भरून देणारा आणि त्याचे पन्नास-शंभर घेणारा वेगळा. ‘टक्के वाढवून आणतो’ म्हणणारा तुमच्या माणसाला त्या बोगस यादीत नेऊन बसवतो, आणि तपासणीच्या दिवशी त्याचा फोन लागत नाही.

दुसरी शंका जरा नाजूक असते. ‘आपलं बरं चाललंय, कशाला हात पसरायचे?’ माझे वडील असंच म्हणायचे. रस्त्यावरचा दिवा लागला नाही तर आपण तक्रार करतो, तेव्हा हात पसरले असं वाटतं का? मी त्यांना हे कधी पटवू शकले नाही. फाइल मात्र ते रविवारी स्वतः लावून ठेवायचे.

आमच्या नंतर

पालकत्व आईकडे होतं. मागच्या वर्षी ते माझ्याकडे घ्यायचं ठरलं. समितीसमोर दादाला विचारलं, ‘तुमचं काम कोण बघतं?’ त्याने आईकडे बोट केलं, मग माझ्याकडे, आणि मग ‘मी’ म्हणाला. साहेबांनी तिन्ही लिहून घेतलं.

पालक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, आणि पुढे दरवर्षी हिशेब. पालकाने पैसे खाल्ले किंवा हेळसांड केली तर त्याला काढण्याची तरतूदही आहे, आणि ती असावी. एका संध्याकाळी मी यादी करायला बसले. बचत खातं, त्यातली रक्कम. ते शिबिरातलं जुनं खातं. आईने त्याच्या नावाने ठेवलेली एक मुदत ठेव. झालं, म्हणून मी पेन खाली ठेवलं.

दादा शेजारी बसून बघत होता. उठला, आतल्या खोलीत गेला आणि त्याचा रेडिओ घेऊन आला. कागदावर ठेवला. मी लिहिलं: ‘४. रेडिओ, एक, चालू स्थितीत.’